काडतुसांचे पुनर्भरण
काडतुसांचे पुनर्भरण : उडविलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पूर्ववत आकाराची करून तीत नवा प्राइमर, दारू व गोळी बसविण्याच्या क्रियेस पुनर्भरण म्हणतात. पुंगळी हा काडतुसाचा बहुधा सर्वांत महाग घटक असून तो अनेकदा वापरता येतो. त्यामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांनी नेमबाजी करणारे अनेक जण हे काम घरीच करतात. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे.

पुंगळीची निवड प्राइमरच्या पद्धतीवर अवलंबून असते. बॉक्सर पद्धतीत ऐरण प्राइमरमध्येच असते व पुंगळीच्या तळाशी मध्यभागी एकच छिद्र असते. त्यामुळे जुना प्राइमर डायमधील खिळ्याने सहज बाहेर ढकलता येतो. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असून छिद्रे सहसा दोन व मध्यापासून बाजूला असतात. तेथे हा खिळा निरुपयोगी ठरतो. गंमत अशी की, बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची पद्धत अमेरिकेत रुळली, तर बर्डन या अमेरिकनाची यूरोपात.

खरा धोका दारूच्या निवडीत असतो. आखूड नळीमुळे हत्यारास जलद जळणारी दारू लागते व तिची अल्प मात्रा पुरते. .३८ स्पेशल हे काडतूस मुळात काळ्या दारूसाठी योजलेले असल्याने त्याची पुंगळी लांब आहे. तीत धूमहीन दारूची मात्रा तळाशीच राहते आणि चुकून दुप्पट मात्रा पडली, तरी ती सहज मावते. अशा काडतुसाने हत्यार फुटू शकते. म्हणून दुप्पट होताच पुंगळीबाहेर सांडेल अशी, अधिक जागा व्यापणारी दारू नवशिक्यास श्रेयस्कर होय. याउलट दारू पडलीच नाही, तर केवळ प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अडकते व पुढील बार घातक ठरतो. मात्रा नेहमी दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातूनच घेतात व आरंभ त्यातील किमान वजनापासून करतात. हे वजन ग्रेनमध्ये (१ ग्रेन = सु. ६४.८ मिग्रॅ.) असल्याने विश्वासार्ह तराजूस पर्याय नाही.

गोळी ठरावीकापेक्षा खोल बसल्यास आतील जागा घटून दाब वाढतो, ९ मिमी.सारख्या लहान पुंगळीत हा परिणाम विशेष जाणवतो. याकरिता काडतुसाची एकूण लांबी कॅलिपरने तपासतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे तोंड गोळीभोवती घट्ट आवळतात, अन्यथा धक्क्याने इतर गोळ्या पुढे सरकतात. ९ मिमी. पिस्तुलाचे काडतूस मात्र तोंडाच्या कडेवरच कोठीत टेकत असल्याने ते हलकेच आवळावे लागते.

दाबयंत्रांपैकी एका वेळी एकच क्रिया करणारे यंत्र संथ खरे, परंतु त्यात सर्व पुंगळ्या फळीवर मांडून दिव्याखाली प्रत्येकीतील दारूची पातळी पाहता येते. दांड्याच्या दर खेपेस एक काडतूस देणारे यंत्र ही सवड देत नाही. टंगस्टन कार्बाइडचे कडे बसविलेल्या डायमुळे सरळ भिंतीच्या पुंगळ्यांना वंगण लावावे लागत नाही. तिची जास्त किंमत थोड्याच दिवसांत वसूल होते.