मनगटाचा आमवात आणि शस्त्रक्रिया



सकाळीं मनगट ताठलेलें असतें, भाकरी थापवत नाहीं, ओला कपडा पिळवत नाहीं, अशी तक्रार आपल्या घरांतील एखाद्या आईनें किंवा मावशीनें केली असेल. वयोमानाची सांधेदुखी म्हणून आपण ती मनावर घेत नाहीं. परंतु आमवात हा निराळा रोग आहे. यांत शरीराची संरक्षणशक्ति आपल्याच सांध्यांवर उलटते. तो पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो, आणि बहुधा दोन्ही मनगटांस धरतो.

मनगटांत लहान लहान आठ हाडें असतात. सांध्याच्या आंतील पातळ अस्तर या रोगानें फुगतें, कूर्चा कुरतडतें आणि हाडांना धरून ठेवणारे बंध सैल करतें. मग करंगळीच्या बाजूच्या हाडाचें टोक मनगटाच्या पाठीवर उंच येतें. बोटें उचलणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, तेथूनच जातात. विहिरीच्या खडबडीत कांठावर पोहऱ्याचा दोर झिजावा, तशा त्या झिजतात. आणि एके दिवशीं करंगळी अकस्मात् खालीं पडते, ती प्रयत्न करूनहि उचलत नाहीं. कंडरा अशा घासून तुटतात, हें १९४८ सालीं वॉन-जॅक्सन या इंग्रज शल्यवैद्यानें वर्णिलें.

फारसें दुखत नाहीं म्हणून रोगी स्वस्थ बसतो. हीच मोठी चूक होय. करंगळीमागून अनामिका, तिच्यामागून मधलें बोट, असा क्रम लागतो. झिजलेलीं टोकें बहुधा एकमेकांस शिवतां येत नाहींत. एकच कंडरा तुटली असेल, तर ती शेजारणीस जोडून भागतें. अधिक तुटल्यास दुसरीकडून उसनी आणावी लागते. तर्जनीला उचलणाऱ्या कंडरा दोन असल्यामुळें त्यांतील एक देतां येते. त्याबरोबरच सुजलेलें अस्तर आणि घासणारें हाडाचें टोक काढावें लागतें. नाहींतर नवी दोरीहि झिजेल.

सांधाच नासला असेल, तर धातूची पट्टी किंवा सळई बसवून हाडें एकजीव करतात. मनगट पुन्हां वाकणार नाहीं, हें ऐकून पुष्कळ जण दचकतात. परंतु वेदना बहुधा थांबते आणि बोटांची पकड घट्ट होते. दोन्ही मनगटें बिघडलेलीं असल्यास एकांत हालचाल राखण्याचा विचार करतात. कृत्रिम सांध्यानें हालचाल राहते. पण तो कालांतरानें सैल होऊं शकतो, आणि कुबड्यांवर भार देणाऱ्यास सहसा मानवत नाहीं.

शस्त्रक्रियेनें मूळ रोग जात नाहीं. त्यासाठीं मेथोट्रेक्सेटसारखीं औषधें वैद्यकीय देखरेखीखालीं चालूं ठेवावीं लागतात. तीं वेळेवर मिळाल्यास शस्त्राची पाळीच पुष्कळदां टळते. मात्र एखादें बोट आज पडलें असेल, तर तें आपोआप उठेल या आशेवर राहूं नका. तो हात लवकर शल्यवैद्यास दाखवा. दुसरें बोट अजून वांचवितां येतें.