जिंकणाऱ्यालाही जाब विचारणारे पंच

घोड्यांच्या शर्यतीत पळतो तो घोडा, पण काही वावगे घडले तर जाब द्यावा लागतो वर बसलेल्या स्वाराला. या स्वाराला जॉकी म्हणतात. शर्यत संपली, टाळ्या पडल्या, मालकाने हारतुरे स्वीकारले, तरी जॉकीचे काम संपत नाही. आधी त्याला खोगिरासकट तराजूवर उभे राहावे लागते. वजन ठरल्याइतके भरले पाहिजे. मग पंचांना काही खटकले असेल, तर त्यांच्या खोलीत जाऊन झाल्या प्रकाराचा खुलासा करावा लागतो.

या पंचांना स्टुअर्ड म्हणतात. आपल्या मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर आणि पुण्याला शर्यती होतात, तिथेही असे पंच असतात. शर्यतीवर पैसे लावण्याचा नाद किती घरांना भोवतो, ते तुम्ही जाणताच. त्या नादाची भलामण इथे करायची नाही. पण जिथे मोठा पैसा आणि मोठी ईर्षा असते, तिथे माणसाला शिस्तीत ठेवायचे कसे, हा प्रश्न गावच्या जत्रेतल्या पंचांनाही पडतो. म्हणून ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

गुन्हे कोणते?

जॉकीचे गुन्हे साधारण चार प्रकारचे असतात. पहिला, दुसऱ्याच्या वाटेत आपला घोडा घालणे. ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगात एक घोडा दुसऱ्याच्या पायात आला, तर माणूस आणि जनावर दोघेही जिवाला मुकू शकतात. दुसरा, घोड्याला मुद्दाम जिंकू न देणे. लगाम आवळून धरायचा आणि वर ‘घोडाच पळेना’ म्हणायचे. तिसरा, स्वतः पैजा लावणे किंवा आतल्या बातम्या विकणे. चौथा, चाबकाचा बेसुमार वापर.

शिक्षाही गुन्हा पाहून ठरते. समज देणे, दंड, काही दिवस स्वारीला बंदी, परवाना काढून घेणे अशा तिच्या पायऱ्या आहेत. सर्वांत कडक शिक्षा म्हणजे मैदानाबाहेर काढणे. मग त्या माणसाला शर्यतीच्या मैदानात पाऊल टाकता येत नाही आणि तबेल्यातही काम मिळत नाही. आपल्याकडे पूर्वी वाळीत टाकत, त्यातलाच हा प्रकार.

पाच वर्षे वाळीत

ही कडक शिक्षा चार्ली स्मर्क या इंग्रज जॉकीला १९२८ साली झाली. तेव्हा तो ऐन बाविशीच्या आसपास होता आणि नाव कमावू लागला होता. इंग्लंडमधल्या गॅटविकच्या मैदानावर तो ‘वेलकम गिफ्ट’ नावाच्या घोड्यावर होता. शर्यत सुटली, बाकीचे घोडे निघाले आणि हा घोडा जागीच राहिला. स्मर्कने घोडा पळवण्याचा प्रयत्नच केला नाही, असा पंचांचा निष्कर्ष झाला. त्याला पाच वर्षे मैदानाबाहेर काढले.

आता विचार करा. आपला एखादा बैल शिवळ पाहिली की बसकण मारतो. दोष बैलाचा की हाकणाऱ्याचा, हे लांबून पाहणाऱ्याला कसे कळावे? त्या काळी आजच्यासारखे चित्रीकरण नव्हते. पंचांनी डोळ्यांनी पाहिले आणि त्यावरून ठरवले. घोडाच अडेल होता, स्मर्कवर अन्याय झाला, असे पुढे अनेकांनी म्हटले. पण गेलेली वर्षे कोण परत देणार? जॉकीच्या आयुष्यातली ऐन उमेदीची पाच वर्षे म्हणजे शेतकऱ्याचे लागोपाठ पाच हंगाम बुडाल्यासारखेच.

१९३३ साली शिक्षा संपली आणि स्मर्कला परवाना परत मिळाला. त्यानंतर त्याच्या नशिबाने जे वळण घेतले, त्याचा संबंध आपल्या शेजाराशी आहे. आपल्या नंदुरबारला लागून गुजरातचा नर्मदा जिल्हा आहे. तिथे राजपिपळा हे जुने संस्थान होते. तिथले महाराज विजयसिंहजी यांचा ‘विंडसर लॅड’ नावाचा घोडा १९३४ साली इंग्लंडच्या डर्बीत उतरला. डर्बी म्हणजे तिथली सर्वांत मानाची शर्यत. त्या घोड्यावर स्वार होता चार्ली स्मर्क. वाळीतून परतल्यावर वर्षाच्या आत त्याने डर्बी जिंकली. पुढे १९३६, १९५२ आणि १९५८ साली आणखी तीन वेळा तो डर्बी जिंकला. एका संस्थानिकाने शिक्षा भोगून आलेल्या माणसावर विश्वास टाकला, तो असा फळाला आला.

अठरा वर्षांचा पोर

दुसरी गोष्ट लेस्टर पिगॉटची. हा बाराव्या वर्षी, १९४८ साली, पहिली शर्यत जिंकला. त्याचे वडील घोडे तयार करण्याचा व्यवसाय करीत. घरातच विद्या आणि अंगात रग. १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ‘नेव्हर से डाय’ या घोड्यावर त्याने डर्बी जिंकली. सगळ्या देशाने त्याला डोक्यावर घेतले.

आणि अवघ्या पंधरवड्यात अॅस्कॉटच्या मैदानावर त्याच घोड्यावर बसून तो दांडगाईने घोडा घुसवताना सापडला. त्याआधीही पंचांनी त्याला पुष्कळदा समज दिलेली होती. या वेळी त्यांनी डर्बीचा विजेता म्हणून गय केली नाही. सहा महिन्यांची शिक्षा ठोठावली आणि वर एक अट घातली. ती मोलाची होती. मुलाने वडिलांच्या तबेल्यात राहायचे नाही, दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचे. घरच्या लाडाने पोर शेफारते, त्याने परक्या घरी चार दिवस राबावे, हे आपल्याकडचे शहाणपण त्या पंचांनाही सुचले होते.

पिगॉट बाहेर बसला असताना सप्टेंबरात सेंट लेजर ही मोठी शर्यत आली. ‘नेव्हर से डाय’ बारा घोड्यांच्या लांबीच्या अंतराने जिंकला. त्या दिवशी त्याच्यावर कोण बसले होते? चार्ली स्मर्क! ज्याने स्वतः पाच वर्षे बंदी भोगली, त्यालाच दुसऱ्याच्या बंदीमुळे ही संधी मिळाली.

पिगॉटला मुदतीपूर्वीच, सप्टेंबरअखेर, परवाना परत मिळाला. पुढे तो एकूण नऊ वेळा डर्बी जिंकला. हा विक्रम आहे. पण मैदानाची शिस्त लागली म्हणून माणूस सगळीकडे शिस्तीत वागतोच असे नाही. १९८७ साली कर चुकवल्याबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले. तिथे मात्र पंच नव्हते, न्यायाधीश होते. २०२२ साली तो वारला.

डोळे गेले, कॅमेरे आले

अमेरिकेत १९३३ सालच्या केंटकी डर्बीत एक विलक्षण प्रकार घडला. शेवटच्या टप्प्यात डॉन मीड आणि हर्ब फिशर या दोघा जॉकींनी पळत्या घोड्यांवरच एकमेकांना धरले, ओढले. मीडचा घोडा नाकाच्या अंतराने पुढे गेला. खोलीत परतल्यावर फिशर मीडच्या अंगावर धावून गेला. दोघांनाही तीस दिवसांची बंदी झाली आणि हाणामारीबद्दल फिशरला पाच दिवस जास्त. निकाल मात्र तसाच राहिला. झोंबाझोंबीचे एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने टिपलेले चित्र आजही प्रसिद्ध आहे.

त्याच शर्यतीत २०१९ साली ‘मॅक्सिमम सिक्युरिटी’ हा घोडा पहिला आला. पण वळणावर तो बाजूला सरकून इतरांच्या वाटेत आल्याची तक्रार झाली. पंचांनी सुमारे बावीस मिनिटे चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिले आणि पहिल्या आलेल्या घोड्याला खाली उतरवले. त्याच्या जॉकीला पंधरा दिवसांची बंदी झाली. पुरावा हाती आला की पंचांची हिंमत वाढते, ती अशी.

तरीही माणसाचा राग कॅमेऱ्याला भीत नाही. २०२२ साली फ्रान्समध्ये ख्रिस्तोफ सुमियों या नामांकित जॉकीने चालू शर्यतीत शेजारच्या स्वाराला कोपराने ढकलून घोड्यावरून खाली पाडले. दैव बलवत्तर म्हणून तो वाचला. सुमियोंला साठ दिवसांची बंदी झाली, आणि ज्या आगाखानांच्या घोड्यांवर तो बसत असे, त्यांनीही करार मोडला. एका क्षणाच्या संतापाची ही किंमत.

चाबूक आणि आपण

आता मुक्या जनावराचा विचार. इंग्लंडमध्ये २०२३ पासून सपाट मैदानाच्या शर्यतीत चाबूक सहापेक्षा जास्त वेळा वापरता येत नाही. मर्यादा चार फटक्यांनी ओलांडली, तर घोडाच बाद होतो. म्हणजे जॉकीच्या हाताचा तोल गेला, तर मालकाचे बक्षीसही जाते. त्यामुळे मालकच जॉकीला आधी बजावतो.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. राज्याने २०१७ साली कायदा बदलला, २०२१ साली न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठाने हा कायदा उचलून धरला. अटी तुम्हाला ठाऊक असतीलच. जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यायची, धाव एक हजार मीटरच्या आत ठेवायची. काठी, चाबूक, टोचणी, बॅटरीचा झटका यांतले काहीच चालणार नाही. अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण कायदा मुंबईत होतो आणि शर्यत गावच्या माळावर. तिथे पंच कोण असतात? आपलेच भाऊबंद, आपलेच सोयरे. पहिला आलेला बैल पाटलाचा असो की पाहुण्याचा, त्याच्या अंगावर वळ दिसला तर ‘तुमचा नंबर रद्द’ म्हणायची छाती त्यांना हवी. तशीच दुसरी काळजीही हवी. स्मर्कसारखा एखादा निर्दोष माणूस नुसत्या संशयावरून बाद होऊ नये.

म्हणून यंदाच्या यात्रेआधी तुमच्या गावच्या कमिटीने एवढे करावे. नियम आधी चावडीवर वाचून दाखवावेत. सुरुवातीला आणि शेवटाला माहितगार माणसे उभी करावीत. आता घरोघरी मोबाइल आहे, धावेचे चित्रीकरण जपून ठेवावे. तक्रार आली तर दोन्ही बाजू ऐकाव्यात. शिक्षा गुन्ह्याच्या मापाची द्यावी आणि ती भोगून आलेल्या माणसाला पुढल्या साली पुन्हा मैदानात येऊ द्यावे. असे झाले तर हरलेला गाडामालकही पंचांना रामराम करून घरी जाईल, आणि दावणीच्या बैलाच्या पाठीवर मालकाची थाप तेवढी पडेल.