जपानचा पहिला प्रवास : आहारनियम आणि पूर्वतयारी

जैन व्यापारी घराण्यांना जपान अपरिचित नाही. कोबेचे मोती आणि टोकियोतील ओकाचिमाची पेठेतील रत्ने यांच्या निमित्ताने समाजातील अनेक कुटुंबे तेथे स्थिरावली आहेत. १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले आणि त्या बंदरात भारतीयांची वस्ती वाढली. आता मात्र धंद्याशी संबंध नसलेली कुटुंबेही, वृद्ध आईवडील आणि मुलांसह, पर्यटनासाठी जपानला जाऊ लागली आहेत. देश सुरक्षित, स्वच्छ आणि वक्तशीर आहे. प्रथमच जाणाऱ्यांची खरी कसोटी लागते ती ताटासमोर. म्हणून पूर्वतयारीचा प्रारंभ तेथूनच करणे श्रेयस्कर.

‘शाकाहारी’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे

जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे सार आहे. ते बहुधा सुकवलेल्या माशापासून काढतात. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या या सर्वांत ते असू शकते. पदार्थात मांसाचा तुकडा दिसत नाही, म्हणून वाढणारा त्यास प्रामाणिकपणे शाकाहारी म्हणतो. ‘यात मांस आहे का’ एवढाच प्रश्न विचारणे त्यामुळे पुरेसे नाही. ‘मासा, माशाचे सार, अंडे, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा चालत नाही, दूध चालते’ असा मजकूर जपानी लिपीत छापलेले कार्ड प्रत्येक प्रौढाजवळ असावे.

बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ हे भोजन जैनांना चालते, असा एक समज आहे. त्यात मांस, मासे, कांदा आणि लसूण नसतात हे खरे. परंतु मुळा, गाजर, कमळकंद, अरवीसारखे कंद त्यात सर्रास असतात. जेलीसारखा दिसणारा ‘कोन्याकु’ हा पदार्थही कंदाचाच. याउलट ‘कांतेन’ समुद्रशैवालापासून होतो. तांबड्या चवळीसारख्या अझुकीच्या गोड पुरणाच्या मिठाया पुष्कळदा अंड्यावाचून बनतात. मात्र दोरायाकी आणि कास्तेला यांत अंडे असते. पाकिटबंद पदार्थांवर ऍलर्जीच्या सक्तीच्या सूचनेत अंडे आणि दूध लिहावेच लागते. मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घटकांची संपूर्ण यादी वाचावी.

खाखरे, लाह्या, चिवडा, कोरड्या चटण्या सोबत न्याव्यात. ताजी फळे, भाज्या, कच्चे धान्य व डाळी यांवर वनस्पती-तपासणीचे निर्बंध असल्याने त्या नेऊ नयेत. हापूसची पेटी तर नाहीच. किराणा दुकानांत साधा शिजवलेला भात पाकिटात मिळतो, तो गरम करून घेता येतो. विमानात जैन भोजनाची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी.

सूर्याचे घड्याळ

जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. डिसेंबरात टोकियोत सूर्य सायंकाळी साडेचारच्या सुमारास मावळतो. बरीच उपाहारगृहे दुपारी बंद होऊन पाचनंतर उघडतात. चौविहार पाळणाऱ्यांना त्यामुळे हिवाळ्यात बाहेर रात्रीचे भोजन मिळणारच नाही. दुपारचे जेवण हेच मुख्य धरावे आणि चारच्या सुमारास हॉटेलवर परतण्याचा कार्यक्रम आखावा. जूनमध्ये उलट सूर्योदय साडेचारच्या आसपास आणि सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. पच्चक्खाणाच्या वेळा मुंबई-पुण्याच्या पंचांगावरून न घेता त्या त्या शहराच्या घ्याव्यात.

उकाळलेल्या पाण्यासाठी बहुतेक हॉटेलांच्या खोलीत किटली असते. घरची किटली नेण्यात अर्थ नाही. जपानचा वीजदाब १०० व्होल्ट आहे. २३० व्होल्टची किटली तेथे एक पंचमांशाहून कमी उष्णता देते. मोबाइलचे चार्जर बहुधा चालतात. दोन चपट्या पिनांचा प्लग मात्र न्यावा.

पैसा, औषधे, कागदपत्रे

नव्या बँक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते निघण्यापूर्वी सुरू करून मर्यादा ठरवून घ्यावी. परदेशी यंत्रावर ‘रुपयांत की येनमध्ये’ असा पर्याय आल्यास येन निवडावा. रुपयांचा दर जवळपास नेहमीच महाग पडतो. लहान दुकाने व देवळांत रोख लागते. दहा लाख येनपेक्षा अधिक रोख असल्यास सीमाशुल्क विभागाला सांगणे बंधनकारक आहे.

ज्येष्ठांची डॉक्टरांनी दिलेली औषधे एक महिन्यापुरती, मूळ पाकिटात व चिठ्ठीसह न्यावीत. अधिक नेण्यास पूर्वपरवानगी लागते. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि सुडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या यांवर कडक निर्बंध आहेत, म्हणून त्यांची चौकशी आधी करावी. पासपोर्ट सदैव जवळ बाळगणे परदेशी पाहुण्यास कायद्याने आवश्यक आहे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

लोकव्यवहार

बक्षिसी देऊ नये. रेल्वेत फोनवर बोलू नये. रस्त्यावर कचराकुंड्या विरळ असतात, म्हणून रिकामी पिशवी जवळ ठेवावी. व्यापारी भेटीत परिचयपत्र दोन्ही हातांनी द्यावे व घ्यावे. ‘कठीण आहे’ असे उत्तर आले, तर तो नकार समजावा. यजमानाने भोजनाचे निमंत्रण दिल्यास आपले नियम काही दिवस आधी लेखी कळवावेत. ऐनवेळी ताट नाकारण्याने यजमान खजील होतो. आधी कळवले तर तो मनापासून सोय करतो. भिडेखातर नियम मोडण्याचा प्रसंगही मग येत नाही.

कोबेच्या कितानो भागात १९८५ साली उभारलेले श्री महावीर स्वामींचे पांढऱ्या संगमरवरी दगडाचे जिनालय आहे. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या प्रारंभी असतो आणि महावीर जन्मकल्याणक बहुधा त्याच सुमारास येते. या दिवसांत जाणाऱ्यांनी कोबेसाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा. एप्रिलच्या अखेरीस जपानमध्ये सुट्ट्यांचा सप्ताह सुरू होतो आणि गाड्या, हॉटेले भरून जातात. मुलांच्या परीक्षांमुळे त्याच काळात जावे लागत असेल, तर आरक्षण काही महिने आधी करावे.