वॅट-तासांचा जमाखर्च
(पोर्टेबल पॉवर स्टेशन आणि आपला दवाखाना)

औषधाची मात्रा ठरविताना आपण बालरोगतज्ज्ञ बाळाचे वजन ग्रॅमपर्यंत पाहतो. किती औषध दिले आणि त्यातले शरीराला प्रत्यक्षात किती उपलब्ध झाले, हा भेद आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. मात्र विजेच्या बाबतीत हाच भेद माझ्या ध्यानात यायला वयाची पन्नाशी उलटावी लागली. ज्या प्रसंगाने तो ध्यानात आला, तो प्रथम सांगतो.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर बडोदेकरांच्या स्मरणात आहे. सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि अनेक भागांत वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. माझ्या देखरेखीखालील एक बाळ त्या वेळी घरीच ऑक्सिजनवर होते. अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले, फुफ्फुसे पुरती सावरलेली नाहीत, मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमधून चालू, अशी त्याची स्थिती. त्याच्या वडिलांनी उन्हाळ्यात १००० वॅट-तासांचे पोर्टेबल पॉवर स्टेशन घेतले होते आणि ‘डॉक्टर, हे किती वेळ पुरेल?’ असे मला विचारले होते. कॉन्सन्ट्रेटर ३३० वॅटचा. हजाराला ३३० ने भागून ‘तीन तास सहज’ असे मी सांगून मोकळा झालो होतो. त्या रात्री ते यंत्र दोन तास वीस मिनिटांत बंद पडले. शेजारच्या इमारतीतील एका ज्येष्ठ गृहस्थांकडे कोविडच्या काळात घेऊन ठेवलेला भरलेला सिलिंडर होता, म्हणून बाळ सुखरूप राहिले. यंत्रात दोष नव्हता. चूक माझ्या गणितात होती. ती इतरांकडून होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू.

वीज जाते कोठे?

पॉवर स्टेशन म्हणजे एका पेटीत बसविलेली लिथियम बॅटरी, तिला भारित करणारा चार्जर, बॅटरीतील डीसी विजेचे घरगुती एसी विजेत रूपांतर करणारा इन्व्हर्टर आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारे नियंत्रक मंडल. पेटीवर छापलेला वॅट-तासांचा आकडा बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचा असतो. तो खुंटीवर मिळणाऱ्या ऊर्जेचा नव्हे. बॅटरी आणि खुंटी यांच्यामध्ये इन्व्हर्टर असतो आणि तो आपला कर वसूल करतोच. रूपांतरात साधारण १० ते १५ टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. चालू यंत्राजवळ पंख्याचा आवाज येतो, तो ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी.

आता त्या रात्रीचा हिशोब पुन्हा मांडू. यंत्र तीन महिने पडून होते आणि त्यात ९० टक्केच भार शिल्लक होता. म्हणजे ९०० वॅट-तास. त्यातून १५ टक्के घट वजा केल्यास उरले ७६५. त्यांना ३३० ने भागा. उत्तर येते २.३ तास, म्हणजे सुमारे दोन तास वीस मिनिटे. यंत्राने गणिताबरहुकूमच काम केले होते.

चार्जिंगच्या वेळीही अशीच गळती होते. १००० वॅट-तास साठविण्यासाठी भिंतीतून सुमारे ११५० घ्यावे लागतात आणि परत हाती येतात ८५०-८७०. म्हणजे जाण्यायेण्याच्या प्रवासात रुपयातले चार आणे खर्ची पडतात.

रिकामा इन्व्हर्टरही खातो

दुसरी गळती अधिक फसवी आहे. एसीचे बटण चालू असेल, तर खुंटीला काहीही न लावता इन्व्हर्टर स्वतःसाठी १०-१५ वॅट घेत राहतो. एखाद्याने रात्री एसी खुंटीवर मोबाइल लावला आणि बटण दहा तास चालूच राहिले, तर मोबाइलच्या पोटात जातात सुमारे १५ वॅट-तास आणि इन्व्हर्टरच्या पोटात १५०. जेवणाऱ्यापेक्षा वाढप्याचाच खर्च दहापट! तोच मोबाइल यूएसबी खुंटीवर लावला आणि एसीचे बटण बंद ठेवले, तर हा अपव्यय टळतो. ज्या उपकरणांना अॅडॉप्टर लागतो, ती मुळात डीसीवर चालणारी असतात. त्यांच्यासाठी बॅटरीतील डीसीचे एसी आणि अॅडॉप्टरमध्ये पुन्हा डीसी करणे म्हणजे द्राविडी प्राणायाम होय. उपकरणाच्या उत्पादकाची अनुमती असेल तेथे १२ व्होल्टची थेट जोडणी वापरावी.

कोणते उपकरण, किती भूक?

दम्याच्या बाळांसाठीचा कॉम्प्रेसर नेब्युलायझर साधारण १२० वॅट घेतो. पण तो चालतो दहा मिनिटे. म्हणजे एका वेळेस २० वॅट-तास. वरच्याच ७६५ वॅट-तासांत अशा अडतीस मात्रा देता येतील. थोडा वेळ चालणाऱ्या उपकरणासाठी पॉवर स्टेशन उत्तम सोबती आहे.

फ्रिजची गोष्ट निराळी. त्याची सरासरी भूक कमी असली, तरी कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी तो नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढतो. लहान पॉवर स्टेशन त्या झटक्याने बंद पडू शकते. म्हणून खरेदीपूर्वी वॅट-तासांबरोबरच क्षणिक कमाल वॅटचा आकडा पाहावा आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा आहे याची खात्री करून घ्यावी. लसींच्या बाबतीत तर बॅटरीआधी फ्रिजचे दार सांभाळावे. २ ते ८ अंश सेल्सिअस ही मर्यादा राखायची, तर वीज गेल्यावर दार न उघडणे हा पहिला उपचार. आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये बर्फाचे अस्तरच साठवणीचे काम करते. तेथे ऊर्जा विजेच्या नव्हे, थंडाव्याच्या रूपात साठविलेली असते. मात्र घाबरून लसी थेट गोठलेल्या बर्फाला चिकटवून ठेवू नयेत. ट्रिपल आणि हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्या की निकामी होतात.

उष्णता निर्माण करणारी उपकरणे, म्हणजे वॉर्मर, स्टरिलायझर, गीझर इत्यादी, यांना पॉवर स्टेशनवर लावण्याचा मोह टाळावा. ६०० वॅटचा वॉर्मर ती पेटी तासा-सव्वातासात रिकामी करील.

बॅटरीची प्रकृती

शिशाच्या आम्ल-बॅटरीचा जन्म १८५९ मधला. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती घडविली. ती स्वस्त आणि खात्रीची आहे. परंतु वारंवार खोलवर रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. पॉवर स्टेशनमध्ये आज प्रामुख्याने लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार वापरला जातो. हे द्रव्य बॅटरीसाठी उपयुक्त असल्याचे जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखविले. लिथियम-आयन बॅटऱ्यांवरील कार्याबद्दल गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हा प्रकार वजनाने थोडा जड असला, तरी उष्णतेत अधिक स्थिर आहे आणि दोन-तीन हजार वेळा भारित केल्यावरही बरीचशी क्षमता टिकवून ठेवतो.

उष्णता हा मात्र सर्वच बॅटऱ्यांचा शत्रू. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद मोटारीत पेटी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य स्वहस्ते कमी करणे. दीर्घकाळ ठेवायची असेल तर साधारण अर्धी भरून ठेवावी, दर तीन महिन्यांनी तपासावी आणि पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा येताच पूर्ण भरून घ्यावी.

सर्वांत काटकसरी उपकरण

आता त्या रात्रीच्या सिलिंडरकडे वळू. बी-प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला एक लिटर या वेगाने तो १५०० मिनिटे, म्हणजे २५ तास पुरतो. १००० वॅट-तासांची बॅटरी जेथे अडीच तासही टिकली नाही, तेथे वीज न लागणाऱ्या साध्या सिलिंडरने दहापट वेळ निभावला असता. कॉन्सन्ट्रेटर बाळाला एक लिटर देवो वा मोठ्या माणसाला पाच लिटर, त्याची विजेची भूक फारशी बदलत नाही. लहानग्यासाठी म्हणूनच तो अकार्यक्षम ठरतो. हे मी त्या वडिलांना आधीच सांगावयास हवे होते. आज घरी ऑक्सिजनवर असलेल्या प्रत्येक बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर मी ‘भरलेला सिलिंडर घरी ठेवणे’ असे लिहितो आणि त्याखाली ‘वीज गेल्यास बाळाच्या खोलीत मेणबत्ती वा समई लावू नये’ हेही लिहितो.

हेच सूत्र अन्यत्रही लागू पडते. सौम्य व मध्यम दम्याच्या झटक्यात स्पेसरसह दिलेला इनहेलर नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो आणि त्याला शून्य वॅट लागतात. कमी वजनाच्या, पण स्थिर प्रकृतीच्या बाळासाठी आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे उपकरणांच्या टंचाईतूनच रूढ झाली. त्या उबेला बॅटरी लागत नाही.

पॉवर स्टेशन अवश्य घ्यावे. पण ते व्हेंटिलेटरचा वा रुग्णालयाच्या जनरेटरचा पर्याय मानू नये. खरेदीपूर्वी उपकरणांची यादी करावी, प्रत्येकाचे वॅट आणि तास यांचा गुणाकार करून बेरीज करावी आणि पेटीवरील आकड्याच्या तीन-चतुर्थांशच आपल्या हाती येणार असे धरून चालावे. मग वीज असतानाच एकदा प्रत्यक्ष चालवून, घड्याळ लावून पाहावे. औषधाची मात्रा जशी आपण अंदाजाने देत नाही, तशीच विजेचीही देऊ नये.

ते बाळ आता ऑक्सिजनविना धावते. दवाखान्यात आले की माझ्या टेबलावरील स्टेथोस्कोप ओढते. त्याच्या वडिलांना मी माझे चुकलेले गणित सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘डॉक्टर, पुढच्या वेळी आपण दोघे मिळून करू.’ हा लेख म्हणजे तेच गणित आहे.