पडद्याच्या कडेला उभा असलेला माणूस

भर दुपारची वेळ. शाळा नुकतीच सुटलेली. लॉरी आणि ॲनी या दोन मैत्रिणी गप्पा मारत फुटपाथवरून घरी चालल्या आहेत. पुढे एका घराचं उंच कुंपण आहे, दाट झुडपांचं. त्याच्या आडून एक माणूस अर्धा बाहेर येतो. चेहऱ्यावर पांढरा मुखवटा. क्षणभर उभा राहतो आणि पुन्हा आत सरकतो. लॉरी थबकते. ॲनीने काहीच पाहिलेलं नाही. ती तरातरा पुढे जाते, कुंपणापलीकडे डोकावते आणि लॉरीची थट्टा करते. लॉरी भीत भीत तिथे पोचते तर कोणीच नाही. सुरा नाही, किंकाळी नाही, लख्ख ऊन पडलेलं.

१९७८ च्या 'हॅलोविन'मधला हा प्रसंग. हा चित्रपट इतकी वर्षं का टिकला याचं उत्तर माझ्या मते तिथेच सापडतं. बहुतेक भयपट एकदाच घाबरवतात. दार करकरतं, मांजर अंगावर उडी मारतं, आपण दचकतो, आणि दुसऱ्यांदा पाहताना ते मांजर कुठे दडलंय हे ठाऊक असल्याने शांतपणे चहा पीत बसतो. 'हॅलोविन'चं गणित उलटं आहे. तो मुखवट्यातला खुनी, मायकल मायर्स, कुठे उभा आहे हे माहीत असलं की जास्तच अस्वस्थ वाटतं, कारण आता आपल्याला तो दिसतोय आणि त्या पोरींना दिसत नाहीये.

ही करामत करणारा दिग्दर्शक जॉन कार्पेंटर तेव्हा तीस वर्षांचा होता. निर्माता आयर्विन याब्लान्सच्या डोक्यात कल्पना एका ओळीची होती: शेजाऱ्यांची मुलं सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या मुलींच्या मागे लागलेला खुनी. सुरुवातीचं नावही तसंच होतं, 'द बेबीसिटर मर्डर्स'. मग गोष्ट हॅलोविनच्या रात्री घडवायचं याब्लान्सलाच सुचलं. व्यवहाराच्या दृष्टीनेही हे सोयीचं. दोन दिवसांची गोष्ट म्हणजे कपडेपट थोडका, दोन-तीन घरं, एक गल्ली. पैसे घातले मुस्तफा अक्कादने, जो 'द मेसेज'सारखे अवाढव्य चित्रपट काढत होता. त्याच्या हिशेबी तीन लाख डॉलर म्हणजे किरकोळ रक्कम. पटकथा कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांनी मिळून लिहिली. मुलींच्या गप्पा बहुतांशी हिलच्या, मायकलवर उपचार करणाऱ्या डॉक्टर लुमिसची भाषणं कार्पेंटरची. गावाचं हॅडनफील्ड हे नाव हिल जिथे वाढली त्या न्यू जर्सीतल्या गावाचं. चित्रपटात मात्र ते इलिनॉयमध्ये आहे, आणि बरंचसं चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडेनात.

तेही वसंतात, साधारण तीन आठवड्यांत. गोष्ट ऑक्टोबर अखेरची, म्हणजे पानगळीची. झाडं तर हिरवीगार. मग कागदी पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, दृश्य घ्यायचं आणि पुढच्या दृश्यासाठी ती पुन्हा गोळा करायची. नीट पाहिलं तर पायाशी पानगळ आणि मागे भरगच्च हिरवाई असा मजेशीर मामला दिसतो. एखादं ताडासारखं झाडही इलिनॉयच्या थंडीत डोकावून जातं. मुखवट्याची कथा तर आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसने हॉलिवूडमधल्या दुकानातून 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा दोनेक डॉलरला आणला. भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, वर पांढरा रंग मारला. माणसाचा चेहरा उरला, त्यावरचे भाव गेले. तो घालून चालणारा निक कॅसल हा कार्पेंटरचा कॉलेजमधला मित्र, दिवसाला २५ डॉलरवर आलेला. श्रेयनामावलीत त्याच्या भूमिकेला नाव नाही, नुसतं 'द शेप' लिहिलंय.

काटकसरीच्या अशा गोष्टी सांगताना आपण नकळत गरिबीचं कौतुक करू लागतो. पैसा नव्हता म्हणून कल्पकता आली, वगैरे. मला ते फारसं पटत नाही. पैसा नसलेले शेकडो भयपट त्या दशकात आले आणि कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत. कार्पेंटरने पैसा कुठे वाचवला यापेक्षा कुठे वाचवला नाही ते पाहिलेलं बरं. एक म्हणजे लुमिसचं काम करणारा डॉनल्ड प्लेझन्स. पाच दिवसांच्या कामाचे त्याला २०,००० डॉलर दिले. लॉरी झालेल्या नायिका जेमी ली कर्टिसला सगळ्या चित्रपटाचे मिळाले ८,०००. (कर्टिसचा हा पहिलाच चित्रपट. 'सायको'तल्या न्हाणीघरात मारल्या गेलेल्या जॅनेट लीची ही मुलगी, हा योगायोग प्रसिद्धीसाठी वापरला गेलाच.) दुसरी जागा म्हणजे कॅमेरा. स्वस्तातल्या चित्रपटाला न परवडणारी पॅनाव्हिजनची रुंद चौकट त्याने हट्टाने वापरली.

उंचीच्या सव्वादोनपटीहून रुंद असलेली ही चौकट एरवी घोडेस्वार आणि वाळवंटं दाखवायला वापरत. कार्पेंटर आणि त्याचा छायालेखक डीन कंडी यांनी ती एका साध्या गल्लीवर रोखली. लॉरी चौकटीच्या एका कडेला. उरलेला भाग मोकळा. खिडकी, अंगण, अंधारलेलं दार. आपली नजर आपोआप त्या मोकळ्या जागेकडे जाते. तिथे कोणी असेल का? कधी असतो, बहुतेक वेळा नसतो. तासभर हे चाललं की कार्पेंटरला काही करावंच लागत नाही. प्रेक्षक स्वतःच पडदा तपासत बसतो.

याचा कळस शेवटाकडे आहे. मैत्रिणींचे मृतदेह पाहून हादरलेली लॉरी भिंतीला टेकून हुंदके देतेय. तिच्या मागे एका खोलीचं उघडं दार, आत मिट्ट काळोख. काही हलत नाही. आणि त्या काळोखात हळूहळू एक पांढरट डाग उमटतो, मग तो मुखवटा होतो. कंडीने मुखवट्यावरचा छोटा दिवा डिमरने अगदी सावकाश वाढवत नेला होता. तो माणूस तिथे आधीपासूनच उभा होता, दिसायला आपल्याला वेळ लागला. दचकवणारी उडी इथे सहज मारता आली असती. कार्पेंटरने ती मारली नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला नेमका कुठल्या क्षणी तो दिसला हे सांगता येत नाही. दुसऱ्यांदा पाहणारा त्या काळ्या चौकोनावरून नजर काढू शकत नाही.

सुरुवातीचा प्रसंगही पाहण्याचाच आहे. १९६३ ची हॅलोविनची रात्र. कॅमेरा कोणाच्या तरी डोळ्यांनी घराभोवती फिरतो, स्वयंपाकघरातून सुरा उचलतो, जिना चढतो, मुखवटा घालतो. मग पडद्यावर डोळ्यांची दोनच भोकं उरतात आणि खून आपल्याला त्यातून पाहावा लागतो. बाहेर आल्यावर मुखवटा निघतो तर समोर सहा वर्षांचा मायकल, विदूषकाच्या कपड्यांत, हातात सुरा. अंगावर बांधून चालता येईल असा पॅनाग्लाइड कॅमेरा तेव्हा नवा होता, म्हणून ही सलग भासणारी सफर जमली. सुरा उचलणारा हात डेब्रा हिलचा आहे. घरही मोडकळीला आलेलं होतं. शेवटी सगळ्यांनी मिळून ते रंगवलं, सजवलं आणि हा प्रसंग घेतला.

मग संगीत. चित्रपट जुळवून झाल्यावर तो संगीताशिवाय एका मोठ्या स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला, तर त्या जराही घाबरल्या नाहीत. कार्पेंटर कामाला लागला आणि तीनेक दिवसांत त्याने स्वतःच संगीत रचलं. पियानोवरची ती धून दहा ठोक्यांची आहे. आपल्या झपतालाच्याही मात्रा दहाच, पण झपताल २-३-२-३ असा झुलतो. ही धून ३-३-२-२ अशी पडते. दर आवर्तनात शेवटी पाऊल आखूड पडल्यासारखं होतं आणि लगेच पुन्हा सुरुवात. बोटांवर मोजून पाहा, सम गाठली असं कधी वाटतच नाही. हा पाच-चारचा ताल कार्पेंटरला लहानपणी वडिलांनी बाँगोवर शिकवला होता. वडील संगीताचे प्राध्यापक होते.

या चित्रपटावर एक जुना आक्षेप आहे: ज्या मुली प्रियकराबरोबर मजा करतात त्या मरतात, अभ्यासू लॉरी वाचते, म्हणजे दिग्दर्शक नीतिपाठ देतोय. अशा चित्रपटांत शेवटी एकटी उरणाऱ्या मुलीवर कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९९२ मध्ये ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून ती विद्यापीठांतही शिकवली जाते. कार्पेंटरने नीतिपाठाचा आरोप वेळोवेळी झटकून टाकला आहे. बाकीच्या मुलींचं लक्ष दुसरीकडे असतं, एवढंच, असं तो म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, चित्रपटच पाहावा. वर्गात बसलेली लॉरी खिडकीतून बाहेर बघते तर रस्त्यापलीकडे तो. वाळत घातलेल्या चादरींमध्ये तो. कुंपणाशी तो. थोरांपैकी दुसरं कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. दिसतो तो लॉरीला, आणि ती सांभाळत असलेल्या छोट्या टॉमीला, ज्याला ती सांगत असते की बागुलबुवा वगैरे काही नसतं. आपणही दीड तास हेच काम करत असतो, म्हणून आपण लॉरीच्या बाजूचे.

डॉक्टर लुमिस मात्र डॉक्टर म्हणून अगदीच कुचकामी. पंधरा वर्षं रुग्ण त्याच्या हाती, आणि निष्कर्ष काय, तर हा माणूस म्हणजे मूर्तिमंत दुष्टपणा! प्लेझन्स हे इतक्या गंभीरपणे म्हणतो की हसू येत नाही. सहाव्या वर्षापासून कोंडलेला मायकल मोटार चालवायला कुठे शिकला, हा प्रश्नही चित्रपटात विचारला जातो आणि चेष्टेवारी नेला जातो.

इथे आपल्याकडच्या भयकथांपेक्षा हा प्रकार फार वेगळा पडतो. आपल्या भुताला कारण लागतं. मुंज झाल्यावर लग्नाआधी गेला तर मुंजा, आणि त्याचं ठिकाणही ठरलेलं, पिंपळ. इच्छा राहिली, दगा झाला, हिशेब चुकता व्हायचाय. आणि कारण कळलं की उताराही सापडतो. परक्या साच्यावरून घेतलं तेव्हाही आपण हे सोडलं नाही. १९९३ चा 'झपाटलेला' अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'वर बेतलेला, पण त्यातल्या झपाटलेल्या बाहुल्याला, तात्या विंचूला, लक्ष्याचं शरीर हवंय हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, आणि गोळी दोन भुवयांच्या मध्ये घालायची हेही. मायकलला काय हवंय? लॉरीच का? ती सकाळी त्याच्या जुन्या घराच्या दारात किल्ली ठेवायला गेली आणि तो आत होता, एवढंच. शेवटी लुमिस सहा गोळ्या झाडतो, मायकल माडीवरून खाली पडतो, आणि पुन्हा पाहिलं तर हिरवळीवर कोणी नाही. मग कॅमेरा एकेक रिकामी खोली दाखवत जातो आणि श्वासाचा आवाज येत राहतो. उतारा नाहीच.

ही मोकळी जागा निर्मात्यांनाच सोसली नाही. १९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी ही मायकलची बहीण निघाली. ती पटकथाही कार्पेंटर-हिलचीच; पुढे कार्पेंटरने त्याबद्दल खंत व्यक्त केली. बहीण म्हटल्यावर कारण आलं आणि भीती निम्मी झाली. त्यानंतरच्या भागांनी आणखी कारणं पुरवली, कुळकथा, शाप, काय काय. २०१८ मध्ये कर्टिस पुन्हा लॉरी झाली तेव्हा पटकथाकारांनी पहिलं काम केलं ते बहीण-भावाचं नातं पुसून टाकण्याचं.

नक्कल करणाऱ्यांनीही चुकीची गोष्ट उचलली. मूळ चित्रपट २५ ऑक्टोबर १९७८ ला कॅन्सस सिटीत लागला आणि तोंडी प्रसिद्धीवर गावोगाव पसरला. अमेरिकेतच त्याने पावणेपाच कोटींच्या आसपास डॉलर कमावले. लगेच १९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला. तारीख, सुरा, तरुण मुलं सगळं घेतलं, वर रक्त भरपूर घातलं. 'हॅलोविन'मध्ये रक्त फारच थोडं आहे. रक्ताच्या युक्त्या पाचेक वर्षांत जुन्या होतात, खोट्या दिसू लागतात. उघड्या दाराचा अंधार जुना होत नाही.

मला सगळ्यांत बोचतो तो मात्र एक बिनरक्ताचा प्रसंग. मुखवटे घातलेली पोरं दारोदार हिंडतात, लोक दार उघडून हातावर गोळ्या-चॉकलेटं ठेवतात, अशी ती रात्र. जीव घेऊन पळणारी लॉरी शेजारचं दार बडवते, मदतीसाठी ओरडते. बाहेरचा दिवा लागतो, आतून कोणीतरी पाहतं, आणि दिवा विझतो.

२००६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'हॅलोविन' जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतला. पण व्हिडिओ कॅसेटच्या काळात लाखो लोकांनी तो अर्धवटच पाहिला होता. चौकोनी टीव्हीत बसवण्यासाठी रुंद चौकटीच्या दोन्ही कडा कापल्या जात, आणि मायकल नेमका कडेलाच उभा असे. फोन उभा धरून पाहणाऱ्याचंही तसंच काहीसं होतं. चित्र कापलं जात नाही, पण इतकं बारीक होतं की कडेचा माणूस ठिपका होऊन जातो. तेव्हा मोठा पडदा, खोलीतले दिवे बंद, आणि पूर्ण रुंदी दाखवणारी प्रत हवी. अवघ्या दीड तासाचा चित्रपट आहे. पहिल्या पाच मिनिटांनंतर बराच वेळ काही भयंकर घडत नाही, त्यामुळे जेवताना लावायला हरकत नाही. शेवटच्या वीस मिनिटांत ताट बाजूला ठेवावं.