आंतरराष्ट्रीय परिषदेतील शोधनिबंध सादरीकरण : आतिथ्य क्षेत्राच्या संदर्भात

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी आंतरराष्ट्रीय परिषदेतील शोधनिबंधास देशांतर्गत ५, तर परदेशात ७ गुण ठरविले. निबंधाची खरी कसोटी मात्र प्रश्नोत्तरांत लागते. आतिथ्य क्षेत्रातील सेवागुणवत्तेच्या अभ्यासात परशुरामन, झाइथामल व बेरी यांची १९८८ मधील २२ विधानांची ‘सर्व्हक्वाल’ मापनश्रेणी सर्रास वापरली जाते. तीच कोकणातील घरगुती निवासव्यवस्थेला लावल्यास ‘कर्मचारी’ कोणास म्हणावे? तेथे यजमान कुटुंबच रांधते, वाढते. म्हणून कोणती विधाने बदलली, मराठी अनुवादाचा पुन्हा इंग्रजी अनुवाद करून अर्थ पडताळला काय, हे सादरीकरणात प्रथम सांगावे. सरासरी व प्रमाण विचलनाची कोष्टके (ज्यांत बहुतेकांचा वेळ संपतो) छापील निबंधात सवडीने वाचता येतात.