जुन्या ट्रकची मरम्मत : शौक पुरा झाला, कागद अपुरे

कापडाच्या धंद्यातील माणसाला ट्रकचा शौक कसा लागला, असे धुळ्या-जळगावचे व्यापारी बंधू आम्हांस नेहमी विचारतात. उत्तर साधे आहे. आमच्या लहानपणी मालेगावच्या गाठी लळिंगचा घाट ओलांडून ट्रकने धुळ्यास येत. फाळका पडल्याचा आवाज आला की वडील गिऱ्हाईक सोडून बाहेर धावत. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. मराठी अक्षरे पुस्तकाआधी ट्रकच्या पाठीवर वाचली म्हटले तरी चालेल.

त्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची चांदणी असे. टेल्को ही कंपनी १९४५ साली रेल्वे इंजिने बनविण्यासाठी निघाली. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. १९६९ साली करार संपला, चांदणी गेली, टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचे डॉज-फार्गो, हिंदुस्थान मोटर्सची बेडफोर्ड आणि मद्रासची लेलँड कॉमेट या गाड्याही रस्त्यावर होत्या. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना मिळतात, त्यामुळे सगळी जात आमच्या दारावरून जाई.

काही वर्षांपूर्वी पारोळा रस्त्यावरील एका शेतात १९६६ सालचा चांदणीवाला ट्रक बाभळीखाली उभा दिसला. हौद्यात गवत वाढलेले होते. मालक किलोच्या भावाने भंगारात काढणार होता. आम्ही त्याच भावाने घेतला. घरी काय ऐकावे लागले ते या पानावर लिहिण्यासारखे नाही.

पहिली चूक आमचीच. हौसेने आधी रंग दिला. ब्रेकचे काम मागे ठेवले. मिस्त्री ओरडत होते, पण ऐकतो कोण? उतारावर ओट्या लावल्या होत्या, त्या निसटल्या आणि ट्रक सावकाश मागे जाऊन गोदामाच्या भिंतीला भिडला. भिंत नवी बांधावी लागली. तेव्हापासून आमचा नियम एकच : गाडी चालण्याआधी थांबली पाहिजे. ड्रमचे लायनर, चाकातील सिलिंडरचे रबर, पाइप हे सर्व आधी.

इंजिन अनेक वर्षे उभे राहिल्याने जाम झाले होते. अशा वेळी स्टार्टर मारणे म्हणजे खर्च वाढविणे. मिस्त्रींनी नोझल काढले, त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडले आणि आठवडाभर हात लावला नाही. मग हँडलने थोडे थोडे फिरविले. टाकीतला गंज धुऊन काढला. डिझेल पंप बेंचवर लावून प्रत्येक सिलिंडरला सारखे डिझेल जाते की नाही ते पाहावे लागते. हे काम अंदाजाने होत नाही. किंगपिनचे बुश लेथवर बनवून घेतले, कमानीचे दोन पाटे बदलले.

केबिनची गोष्ट निराळी. त्या काळी कंपनी बहुधा पुढच्या नाकासह नुसती चेसिस देई. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार बांधीत. म्हणून असली केबिन कोणती, हा वादच फजूल आहे. आमची सागाची चौकट खालून कुजली होती, ती सुताराने जुन्या सागाचीच केली. नव्या मोठ्या ट्रकला २०२५ साली वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. आमच्या ट्रकला खिडकी हाच काय तो पंखा.

खानदेशात उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, रबर तडकते. म्हणून ट्रक लाकडी ठोकळ्यांवर ठेवतो, टायर झाकतो, बॅटरीची तार सोडतो. इंजिन चालू केले की पुरते गरम होऊ देतो. दोन मिनिटांत बंद केल्याने फायद्यापेक्षा नुकसान अधिक.

आता कागदांकडे येतो, कारण रुपयाचा हिसाब मांडणाऱ्याला हेच विचारायचे असते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. वय ५० वर्षांपेक्षा अधिक, नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. ऐकून आम्ही मिठाई वाटली. नंतर मजकूर नीट वाचला : नियम खाजगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकीपुरता आहे. आमचा ट्रक मालवाहू म्हणून नोंदलेला, त्यातून मागची चाके जोडीची, म्हणजे टायर सहा. फिटनेस घ्यावा तर १ एप्रिल २०२२ रोजी १५ वर्षांवरील जड मालगाडीसाठी शुल्क १२,५०० रुपये झाले होते, आणि धंदा न करणाऱ्या गाडीवर असे शुल्क दरवर्षी भरावे कशासाठी? इंग्लंडात जुन्या मालगाड्यांच्या हौशी लोकांची संस्था १९५८ पासून आहे, लंडन ते ब्रायटन त्यांची फेरी निघते. मोटारीचा मान आपल्याकडे ओळखला गेला, ज्या गाडीने बाजार भरला तिचे नाव मात्र नियमात नाही. ते घालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांना हा शौक करायचा आहे त्यांनी रंग पाहू नये. चेसिस आणि इंजिनचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा, कर थकला आहे का, बँकेचा बोजा उतरला आहे का ते विचारावे. आणि नफा धरू नये. विकताना भाव पुन्हा किलोचाच येतो.

आमचा ट्रक सध्या गोदामाच्या कंपाउंडमध्येच फिरतो, रविवारी, दोन फेऱ्या. मिस्त्रींच्या हाताला कंप सुटला आहे. त्यांचा नातू नव्या ट्रकच्या वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडून दोष शोधतो. डबल क्लच मारून गिअर टाकणे त्याला ठाऊक नव्हते. मागच्या रविवारी आजोबांनी त्याला स्टिअरिंगवर बसविले. तिसरा गिअर चौथ्या खेपेस पडला.